तिनं सांगितलं होतं

माझी बायको कुमुद त्वचेच्या कॅन्सरनं गेली. ती गेल्यापासून आमच्या नात्यात आणि उज्जैनच्या आमच्या मराठी मंडळींत एक गोष्ट सांगितली जाते. कुमुदताई फार सोशिक होत्या, दुखणं अंगावर काढलं, शेवटपर्यंत कुणाला कळू दिलं नाही. सांगताना बायका डोळ्यांना पदर लावतात. पुरुष मान हलवून म्हणतात, जुन्या वळणाच्या बायका अशाच.

ही गोष्ट खोटी आहे. तिनं सांगितलं होतं. मला सांगितलं होतं, आणि एकदा नाही. ही खोटी गोष्ट ज्यानं पहिल्यांदा सांगितली तो माणूस मी आहे.

ज्यांच्या घरात हा आजार आला असेल त्यांच्यासाठी लिहितो आहे. धीर देणारं लिहिणं मला जमणार नाही. माझ्याजवळ राग आहे, तोच देतो.

तीळ

कुमुदच्या डाव्या टाचेवर एक काळा ठिपका आला. मसुरीच्या दाण्याएवढा. वज्रीनं टाच घासताना तिला दिसला. ओल्या पायानंच ती ओट्यावर आली.

"अहो, हे बघा हो, काळं काय आलंय? घासलं तरी जात नाही."

मी बँकेतून निवृत्त झालो होतो आणि ज्योतिष बघत होतो. आमच्या गावात ज्योतिषाला तोटा नाही, तरी रविवारी माझ्या ओट्याखाली चपलांची रांग लागे. कुंडली, हात, अंगावरच्या खुणा, सगळं मी सांगत असे आणि लोक ऐकत. लोकांचं हे ऐकणं मला दारूसारखं चढलं होतं. मी चष्मा लावून तिची टाच पाहिली. खरं तर टाच पाहिलीच नाही. ठिपका कुठे आहे तेवढं पाहिलं.

"तळपायाला तीळ. परदेशगमनाचा योग."

"कुणाचं परदेशगमन? मी देवासच्या पुढे कधी एकटी गेले नाही."

"तुझं नाही, सतीशचं. आईच्या अंगावरचं लक्षण मुलाला फळतं."

हा नियम कोणत्या पोथीत आहे ते मला आजही सांगता येणार नाही. त्या क्षणी सुचला आणि बोलून गेलो. सतीश, आमचा धाकटा, तेव्हा कॉम्प्युटर शिकत होता. ती वर्षंच अशी होती की घरोघरची पोरं कॉम्प्युटरच्या क्लासला जात होती आणि घरोघरच्या आया अमेरिकेचं नाव घेत होत्या. वर्ष उलटायच्या आत सतीशला तिकडे नोकरी लागली. माझी कीर्ती फ्रीगंजपासून देवास गेटपर्यंत पसरली. लोक मुलांना घेऊन येत, म्हणत, "पंडितजी, ज़रा इसके पैर भी देख लो."

नवरात्रात आमच्यात सवाष्ण जेवायला बोलावतात. तिचे पाय परातीत धुतात, पुसतात, हळदकुंकू लावतात. त्या वर्षी कुमुदला घराघरांतून बोलावणं आलं. बायका पाय धुता धुता तळवा उलटा करून बघत.

"वहिनी, हाच का तो? अगं बाई, केवढा ठसठशीत आहे!"

"माझ्या राजूच्या नावानं एक बोट लावून घेते हं."

आणि त्या तिळावर कुंकू लावत. इतक्या हातांनी तिचा पाय धरला. एकीनंही म्हटलं नाही की बाई गं, हा तीळ वाढतो आहे. मला त्या बायकांचा राग येई. आता येत नाही. त्या माझ्याच शब्दावर विसंबल्या होत्या.

तीळ वाढत होता. कडा सरळ राहिली नव्हती, शाई सांडल्यासारखी पसरली होती. मधेच कधी पाणी येई, कधी चपलेला रक्ताचा डाग लागे. उन्हाळ्यात रामघाटाच्या पायऱ्यांवरून अनवाणी उतरताना ती टाच उचलून चाले.

"अहो, दुखतंय आता. डॉक्टरला दाखवू या का?"

"भाग्याची खूण आहे. भाग्य काय फुकट मिळतं? थोडं टोचणारच."

"मग ते तुमच्या टाचेला का नाही टोचत?"

मी हसलो होतो. ती हसली नव्हती.

शेवटी ती एकटीच गल्लीच्या तोंडावरच्या डॉक्टरकडे गेली. त्यानं पाहिलं आणि म्हणाला, "मस्सा होगा या घट्टा होगा, निकाल के जाँच को भेज देते हैं।" आणि निरोप पाठवला की भाईसाहेबांना विचारून या. त्या माणसाला काही फार कळलं होतं असं नाही, पण काढून तपासायला पाठवतो म्हणाला, एवढं पुरेसं होतं. मी नाही म्हटलं. सतीशचा व्हिसा वाढवून मिळायचा होता. अशा वेळी ती खूण कापून टाकायची? "त्याचं बस्तान बसू दे, मग काढू," मी म्हणालो. कुमुदनं मुलाच्या नावावर मान खाली घातली.

अंगावर काढलं म्हणतात ना? तिनं काढलं नाही. मी तिला काढायला लावलं.

गठान

मग जांघेत गाठ आली. आमच्याकडे गठान म्हणतात. सुपारीएवढी, न दुखणारी. हेही तिनं मला सांगितलं, लाजत, दिवा मालवल्यावर नाही, सकाळी चहा पिताना. या वेळी मी तिला त्याच डॉक्टरकडे नेलं. टाचेबद्दल तो काही बोलला नाही, मीही बोललो नाही. गाठ म्हटलं की टीबी, असं त्याचं गणित होतं आणि आपल्याकडे ते बहुतेक वेळा बरोबरही येतं. सुईनं पाणी काढून पाहिलं, त्यात धड काही निघालं नाही, तरी टीबीची औषधं सुरू झाली.

त्या गोळ्यांनी लघवी केशरी होते. कुमुद न्हाणीघरातून बाहेर येऊन म्हणाली, "तुमच्या ग्रहांना सांगा, बायको भगवी झाली."

गाठ लिंबाएवढी झाली. आमची मुलगी शुभदा इंदूरला शाळेत शिकवते. ती सुट्टीत आली, आईला लंगडताना पाहिलं, गाठ पाहिली आणि माझ्याशी एक शब्द न बोलता आईची पिशवी भरली. इंदूरच्या सर्जननं गाठ काढली.

तपासणीचा निकाल आला तो आणखी चक्रावणारा. कॅन्सर आहे, पण कशाचा ते कळत नाही. पेशींना रंग नाही, रूप नाही. मेणात बसवलेला गाठीचा तुकडा पुढच्या तपासणीसाठी मुंबईला पाठवावा लागेल.

ते वाट पाहण्याचे दिवस ज्यांनी काढले आहेत त्यांना मी काय सांगावं? घरात सगळे हळू बोलायला लागतात. कॅन्सर हा शब्द कुणी उच्चारत नाही, 'ते' म्हणतात. "ते नसावं म्हणजे झालं." कुमुदच मोठ्यानं म्हणाली, "कॅन्सर म्हणा की. तोंड विटाळत नाही."

गोत्र

सर्जननं आम्हाला समोर बसवलं. मी, कुमुद आणि शुभदा. हिंदीत बोलत होता, सावकाश, हातानं टेबलावर रेघा ओढत. मला समजलं ते असं. पेशी आपलं घर सोडून दुसरीकडे गेली, तिथे तिनं रंगरूप सगळं टाकलं, तरी तिच्या आत काही प्रथिनं राहतात. मुंबईत त्या प्रथिनांना धरणारा रंग घालून पाहतात. एकाचं नाव एस-१००. ते एकटं असतं तर नक्की सांगता आलं नसतं, पण त्याच्या जोडीचं दुसरंही मिळालं होतं. दोन्ही मिळून एकच सांगत होती.

"ये गठान जाँघ की है ही नहीं," तो म्हणाला. "ये चमड़ी से चलकर आई है।"

मी लोकांची गोत्रं सांगणारा माणूस. आमच्या घराण्याला महाराष्ट्र सोडून किती पिढ्या झाल्या, बोलण्यात निम्मी हिंदी आली, तरी संकल्प सोडताना गोत्र सांगतोच. त्या गाठीचं गोत्र मुंबईच्या कुणा न पाहिलेल्या माणसानं काचेवर पाहून सांगितलं. मी ते माझ्या ओट्यावर, भर उजेडात, हातात धरून पाहिलं होतं.

मग डॉक्टरनं विचारलं, "माताजी के शरीर पर कोई काला दाग? पीठ पर, हथेली में, नाखून के नीचे? पाँव दिखाइए।"

कुमुदनं चप्पल काढली आणि पाय पुढे केला.

शुभदा खुर्चीतून उठली. खाली बसली, आईची टाच दोन्ही हातांत धरली. डाग तोवर रुपयाएवढा झाला होता, मधे जखम. "आई! हा तो तीळ? असा कधीपासून झाला?"

डॉक्टरही तेच विचारत होता, पण माझ्याकडे बघून. "इतने दिन क्या कर रहे थे आप लोग?" त्याचा आवाज चढला होता. बाहेर बसलेल्या माणसांनी आत पाहिलं. आजवर कुणी माझ्याशी त्या आवाजात बोललं नव्हतं.

मी म्हणालो, "दुखता है, यह तो इन्होंने कभी बताया ही नहीं।"

कुमुदनं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचं वर्णन मी करणार नाही. ते माझं आहे. ती काही बोलली नाही. तिच्या न बोलण्यानं माझं वाक्य खरं ठरलं.

इंदूरहून बस उज्जैनच्या देवास गेट स्टँडला येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. टेम्पोत बसल्यावर म्हणाली, "पोरीसमोर मला खोटं पाडलंत."

"अगं, त्या वेळी काही सुचलं नाही."

"आता सुचतंय का?"

"सांगीन मी तिला."

"कधी?"

"तू तरी सांगू शकतेस."

"माझ्या तोंडून नको. मी सांगितलं तर ती म्हणेल, आई बाबांवर ढकलते आहे. तुमच्या तोंडून पाहिजे."

मी हो म्हटलं.

वॉर्ड

टाचेचा भाग खोलवर काढला, मांडीची कातडी तिथे लावली. जांघेतल्या उरलेल्या गाठी काढल्या. पाय सुजून खांबासारखा झाला तो शेवटपर्यंत तसाच राहिला. सकाळी ड्रेसिंगची ट्रॉली यायची. तिच्या चाकांचा आवाज आला की वॉर्डमधल्या सगळ्या बायका गप्प व्हायच्या. नंतर चहा, नंतर राउंड, नंतर भेटायला येणारी माणसं.

भेटायला येणाऱ्यांबद्दल लिहिलंच पाहिजे. एकानं अंगारा आणला. एकानं कुणा वैद्याचा पत्ता आणला आणि ऑपरेशन कशाला केलंत म्हणून मलाच रागावला. एक बाई म्हणाली, "मागच्या जन्मीचं असतं हो." कुमुद म्हणाली, "मागच्या जन्मीचं नाही वहिनी, याच जन्मीचं, आमच्या घरातलं आहे." कुणालाच कळलं नाही. मला कळलं.

पेशंटला भेटायला जाल तेव्हा मागचा जन्म घरी ठेवून जा.

एक सुख होतं, तेही सांगतो. शेजारच्या खाटेवर शाजापूरकडची रुकमाबाई म्हणून होती. जबड्याचं ऑपरेशन झालेलं, बोलणं अर्धवट. दोघी पत्ते खेळायच्या. रुकमाबाई हातवारे करून डॉक्टरची नक्कल करायची आणि कुमुद टाके धरून हसायची. "जिजी, हसाओ मत, फट जाऊँगी!" तिचं असं हसणं मी आमच्या घरात किती ऐकलं होतं? आठवत नाही.

शुभदा शाळा सुटली की यायची. आईचं सगळं करायची, पण ओठ घट्ट मिटून. एक दिवस तिचा बांध फुटला.

"आई, का लपवलंस गं? मला एक फोन केला असतास. कोपऱ्यावर पीसीओ होता. एवढं काय होतं तुझ्या मनात? आम्ही कुणीच नव्हतो का तुझे?"

मी खाटेच्या पलीकडे मोसंबं सोलत होतो. कुमुदनं शुभदाकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. ती मला जागा करून देत होती. एक वाक्य, एवढंच. मी मोसंब्याच्या फोडीवरची पांढरी साल काढत राहिलो, नीट, एकेक धागा.

"मोसंबं खा गं," मी म्हणालो. "फोड गोड आहे."

कुमुदनं फोड घेतली नाही.

त्यानंतर ती अधूनमधून विचारायची, "सांगितलंत?" मी म्हणायचो, तू जरा बरी हो, मग. सतीशचा अमेरिकेहून फोन येई. टाके, ताप, पायाची सूज यांची चौकशी तो करी आणि शेवटी म्हणे, "आईनं वेळेवर सांगितलं असतं तर." मी हूं म्हणायचो. महाग फोन आहे, ठेवतो, असं म्हणून ठेवायचो.

पुढे फुप्फुसात गेलं. घर सोडलेली पेशी एकदा चालायला लागली की कुठे थांबत नाही. डॉक्टरनं तपासणी न करताच सांगितलं की हीही तीच आहे, आता गोत्र विचारायची गरज नाही. हा शब्द त्याचा नाही, माझा.

शेवटच्या महिन्यात कुमुदनं विचारणं बंद केलं. मला त्या वेळी सुटल्यासारखं वाटलं.

ती गेली ती घरीच, दुपारी. शुभदा औषध आणायला गेली होती. मी जवळ होतो. ती माझ्याशी काही बोलली नाही.

सोशिक

तेराव्याला एक दूरचे नातेवाईक बोलायला उभे राहिले. "सोशिक माउली," ते म्हणाले. मी हात जोडून ऐकलं. मग तो शब्द तिच्या फोटोला हारासारखा चिकटला.

या शब्दाची मला चीड आहे. ज्या घरात बाईचं ऐकलं जात नाही त्या घरात बाई गेल्यावर तिला सोशिक म्हणतात. ऐकणाऱ्यांची सोय होते. शुभदा आईचा फोटो पुसायची, पण त्याच्याकडे बघायची नाही. तिचं आईशी भांडण होतं आणि भांडायला आई नव्हती. मी ते रोज बघत होतो. मी ज्योतिष सोडलं, कुंडल्या परत केल्या. लोक म्हणाले, बायको गेल्याचा धक्का बसला. तेही मी खोडून काढलं नाही.

आमच्यात सवाष्ण गेलेल्या बाईचं श्राद्ध पितृपक्षात नवमीला करतात. अविधवा नवमी. त्या दिवशी एक सवाष्ण जेवायला बोलावून तिचे पाय धुतात. यंदा शेजारच्या गोखलेकाकू आल्या होत्या. शुभदानं परात घेतली, त्यांचे पाय आत घेतले, पाणी घालू लागली. ब्राह्मण जेवून उठले होते, नात्यातली चार माणसं ओसरीवर बसली होती.

गोखलेकाकू म्हणाल्या, "तुझ्या आईचे पाय मीही धुतलेत गं. काय सोशिक बाई! दुखणं शेवटपर्यंत कुणाला दाखवलं नाही."

शुभदा पाण्याकडे बघत म्हणाली, "हो ना. मला सुद्धा नाही."

मी भिंतीला टेकून बसलो होतो. मी म्हणालो, "तिनं सांगितलं होतं."

आवाज बरा निघाला नाही. काकूंना वाटलं मला काही हवं आहे. "काय म्हणालात?"

"कुमुदनं सांगितलं होतं. मला. पहिल्याच दिवशी, आणि पुढे कितीदा तरी. डॉक्टर काढतो म्हणाला, मी काढू दिलं नाही. सतीशचा योग जाईल म्हणून. इंदूरला डॉक्टरसमोर मी खोटं बोललो. ती मरेपर्यंत मला म्हणत होती, पोरीला सांगा. मी सांगितलं नाही."

शुभदाचे हात पाण्यात होते, ते तिथेच थांबले. तिनं वर पाहिलं नाही. मग तिनं गोखलेकाकूंचा एक पाय उचलला, दारातून येणाऱ्या उजेडात धरला आणि तळवा उलटा करून पाहिला. बोटांच्या मधे, टाचेवर, नखांखाली. मग दुसरा. काकू अवघडून बसून राहिल्या. सगळं पाहून झाल्यावर तिनं पाय पुसले आणि मगच हळदकुंकू लावलं.

सगळे गेल्यावर ती माझ्यासमोर आली. मला वाटलं ओरडेल. ती हळूच बोलली, ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

"मोसंबं सोलत होतात तुम्ही."

"हो."

"आई तुमच्याकडे बघत होती. मला वाटलं, माझ्याकडे बघायची लाज वाटते तिला." तिच्या हातात ती परात होती. "मी तिच्याशी नीट बोलले नाही हो बाबा. शेवटपर्यंत. तिचे पाय चेपायची, पण बोलायची नाही."

मी माफी मागायला तोंड उघडलं.

"नको," ती म्हणाली. "माझी कशाला मागता? तेराव्याला जेवढी माणसं होती त्या सगळ्यांना सांगा. सतीशला सांगा. लिहून काढा. मी कुणाला सांगणार नाही, तुम्ही सांगायचं. आईनं तसंच म्हटलं होतं ना?"

सतीशला त्याच संध्याकाळी फोन केला. त्यालाही सगळं सांगितलं. मी फोन महाग आहे म्हणालो नाही.

आणि हे लिहितो आहे. वाचणाऱ्यांनी माझी कीव करू नये, त्यापेक्षा उठावं आणि घरातल्या माणसांचे तळपाय बघावेत. जो डाग वाढतो, रंग बदलतो, ज्याची कड फाटते, जो रक्त देतो, तो काढून तपासायला द्यावा. आणि बाई दुखतंय म्हणाली की त्याचा अर्थ सांगत बसू नये. दुखतंय याचा अर्थ दुखतंय.

शुभदा माझ्याशी अजून बोलत नाही. रविवारी इंदूरहून येते, स्वयंपाक करून ठेवते, माझे पाय उजेडात धरून तपासते आणि जाते. पण मागच्या रविवारी जाण्याआधी तिनं कुमुदचा फोटो भिंतीवरून उतरवला, मांडीवर घेतला आणि त्याच्याकडे बघत बसली. बराच वेळ. तिचा राग इतकी वर्षं चुकीच्या माणसावर होता. आता तो माझ्यावर आहे.